बायपासनंतर घरी ऑक्सिजन मशीन आणावं का? आधी बाबा खुर्चीत का झोपतात ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६४ वर्षांचे. बायपास होऊन १२ दिवस झाले, घरी येऊन ५. बसल्या जागी ऑक्सिमीटर ९४-९५ दाखवतो, संडासला जाऊन आले की ९२. श्वासाच्या व्यायामाच्या, तीन प्लास्टिकच्या गोळ्यांच्या यंत्रात एकच गोळी वर जाते. टाके उसवतील या भीतीने खोकत नाहीत. रात्री आडवं व्हायला नको म्हणतात, खुर्चीतच झोपतात. नातेवाईक म्हणतात, ऑक्सिजनचं मशीन भाड्याने आणा. आणावं का? आणि घरी श्वासाला आधार द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

हृदयशस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची श्वसनाची फिजिओथेरपी करायला लागून मला वीसहून जास्त वर्षं झाली. मशीनबद्दलचं उत्तर सोपं आहे: तुम्ही दिलेल्या आकड्यांवर ते आणायची गरज दिसत नाही. पण तुमच्या प्रश्नातली ९२ ची ओळ वाचून मी थांबले नाही, खुर्चीच्या ओळीवर थांबले. त्याबद्दल आधी बोलू.

बायपासनंतर माणूस खुर्चीत झोपतो याची दोन अगदी वेगळी कारणं असतात. पहिलं साधं: दुखणं. छातीचं हाड मधोमध कापून तारेने बांधलेलं असतं. आडवं होताना आणि उठताना ते ओढलं जातं, म्हणून नकोच वाटतं. अशा माणसाला पाठीशी उशा देऊन, धरून, सावकाश निजवलं की एकदा टेकल्यावर तो शांत पडतो. दुसरं कारण श्वासाचं. आडवं झाल्यावर पाच-दहा मिनिटांत घुसमटायला होतं, माणूस उठून बसतो, खिडकी उघडायला सांगतो, आणि बसल्यावर बरं वाटतं. याचा अर्थ बहुधा पाणी. एकतर हृदयाचा जोर कमी पडून फुफ्फुसात पाणी साठतंय, किंवा फुफ्फुसाबाहेरच्या आवरणात पाणी जमलंय. हे व्यायामाने जात नाही. मशीनने आकडा सुधारेल आणि मूळ गोष्ट दोन दिवस लपून राहील, हे त्याहून वाईट.

तेव्हा बाबांना सरळ विचारा: ‘आडवं झाल्यावर दुखतं, की दम लागतो?’ पुष्कळ रुग्ण दोन्हीला ‘बरं वाटत नाही’ एवढंच म्हणतात, म्हणून हे फोडून विचारावं लागतं. दम लागतो म्हणाले तर त्याच दिवशी सर्जनला किंवा हृदयरोगतज्ज्ञांना कळवा. जोडीला रोज सकाळी लघवी झाल्यावर, खाण्याआधी, सारख्याच कपड्यांत वजन करा. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. पायाची सूजही बघा, पण बायपासच्या जोडणीसाठी ज्या पायातून शीर काढली तो पाय तसाही काही आठवडे सुजतो. त्यामुळे दुसरा पाय बघायचा. ही छोटी गोष्ट कुणी सांगत नाही आणि मग घरचे एक तर उगीच घाबरतात किंवा उगीच निर्धास्त राहतात.

आता फुफ्फुसांचं काय झालंय ते सांगते, म्हणजे बाकीचं आपोआप समजेल. शस्त्रक्रिया हार्ट-लंग मशीनवर, म्हणजे तेवढा वेळ हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रावर, झाली असेल तर त्या वेळात फुफ्फुसं जवळजवळ रिकामी पडून असतात. पुन्हा हवा भरली तरी खालचे कोपरे नीट उघडत नाहीत. त्यात डावी बाजू जास्त बिघडते. जोडणीसाठी छातीच्या आतली रक्तवाहिनीही वापरतात, ती बहुधा डावीकडून काढतात, ती काढताना डाव्या फुफ्फुसाचं आवरण अनेकदा उघडावं लागतं, तिथे नळी घातलेली असते, आणि नंतर थोडंफार पाणीही तिथेच जमतं. कधीकधी श्वासपटलाकडे, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या स्नायूकडे, जाणारी नस शस्त्रक्रियेतल्या गारव्याने किंवा ओढाताणीने बधिर होते आणि डावीकडचं श्वासपटल काही महिने आळशी राहतं. वर हाड दुखतंय म्हणून माणूस वरवरचे, छोटे श्वास घेतो. या सगळ्याची बेरीज म्हणजे पहिल्या काही दिवसांत एका मोठ्या श्वासात मावणारी हवा आधीच्या अर्ध्या ते दोन तृतीयांशावर येते. ती भरून यायला आठवडे लागतात, कुणाकुणाला काही महिने.

म्हणून बाराव्या दिवशी बसून ९४ आणि चालून ९२ याने मला धक्का बसत नाही. आठवड्याने हेच आकडे एक-दोनने वर असावेत. खाली सरकत असतील तर मात्र शोध घ्यायला हवा.

खोलीतल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. नाकातल्या नळीतून मिनिटाला १ लिटर दिला तर श्वासातलं प्रमाण साधारण २४ टक्के होतं, २ लिटरला २८ च्या आसपास. उघड्या वायुकोशांना, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांना, त्याचा फायदा होतो, मिटलेले मात्र मिटलेलेच राहतात. उलट आकडा ९८ झाला की घरचे खूश होतात, रुग्ण पलंगावर टेकून राहतो, चालणं बंद होतं, आणि खालचे कोपरे आणखी मिटतात. ऑक्सिजन कमी नसताना दिलेल्या ऑक्सिजनचा उपयोग होतो का, हे हृदयविकाराचा झटका आल्याची शंका असलेल्या रुग्णांत तपासलं गेलं आहे. स्वीडनमधल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ६,६०० हून अधिक रुग्ण होते, सगळ्यांची पातळी ९० किंवा त्याहून वर. ऑक्सिजन दिलेले आणि न दिलेले यांच्यात वर्षभरातल्या मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. ते बायपासचे रुग्ण नव्हते हे खरं, पण ‘थोडा दिला तर काय बिघडतं’ या विचाराला ते उत्तर पुरेसं आहे.

मग घरी ऑक्सिजन कुणाला लागतो? ज्यांना डिस्चार्जच्या वेळीच तो लिहून दिलाय त्यांना. त्या चिठ्ठीवर किती लिटर, दिवसातले किती तास आणि किती पातळी राखायची, हे तिन्ही असायला हवं. नसेल तर विचारून घ्या. जुना दमा-धुम्रपानाचा फुफ्फुसविकार असलेल्या काहींना डॉक्टर मुद्दाम ८८ ते ९२ च राखायला सांगतात. त्यांना जास्त ऑक्सिजन दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, सकाळी डोकं दुखतं, माणूस गुंगतो. घरचे म्हणतात, ‘आज छान झोप लागली.’ ती झोप छान नसते. आणि ज्याला ऑक्सिजनशिवाय घरी सोडलं होतं त्याची पातळी घरी आल्यावर बसल्या जागी ९० च्या खाली जात असेल, तर त्याने मशीन मागवायचं नसतं, दवाखाना गाठायचा असतो. या एका बाबतीत मी फार हट्टी आहे.

ऑक्सिमीटरचंही ऐका. बोट गार असेल, नखाला रंग असेल, हात हलत असेल तर तो काहीही दाखवतो. पाच मिनिटं बसवून, हात उबदार करून, बोट अडकवल्यावर मिनिटभर थांबून स्थिर झालेला आकडा घ्यायचा. तरीही दोन-तीन टक्क्यांची चूक गृहीत धरायची. सावळ्या त्वचेवर तो कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. म्हणजे ९४ आणि ९२ मध्ये खरा फरक असेलच असं नाही. मी त्यावरचा दुसरा आकडा, नाडीचा, जास्त निरखून बघते. तो ८०, १३०, ९५ असा उड्या मारत असेल तर मनगटावर बोटं ठेवून नाडी बघा. बायपासनंतर तीन-चारांतल्या एकाची नाडी अनियमित होते, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, पण काहींची घरी आल्यावर. अचानक दम आणि धडधड यामागे ते निघतं, आणि त्यावर औषध आहे. दिवसातून तीनदा मोजा: उठल्यावर, चालून आल्यावर, झोपण्याआधी. वहीत लिहा. रात्रभर बोटाला लावून शेजारी जागत बसू नका. आकडा एकदा ९१ झाला म्हणून बाबांना हलवून उठवणाऱ्या मुली मी पाहिल्यात. दोघांचीही झोप जाते, हाती काही लागत नाही.

आता आधार कसा द्यायचा ते. सुरुवात वेदनेपासून, कारण दुखत असताना मोठा श्वास घेता येत नाही, कितीही समजावलं तरी. लिहून दिलेली पॅरासिटामॉलची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी येईल अशी वेळ लावा. ‘मी सहन करतो’ हा बाणा या दिवसांत फुफ्फुसांना महाग पडतो. मात्र घरात पडलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक जातीच्या गोळ्या मनाने देऊ नका. बायपासनंतरच्या दुखण्यावर त्या वर्ज्य आहेत, झटक्याचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून.

तीन गोळ्यांच्या यंत्राबद्दल. त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. हे इतकं उघड वाटतं, तरी दर महिन्याला मला एखादा तरी फुंकणारा भेटतोच. दुसरी गोष्ट, ते यंत्र हवा किती गेली हे दाखवत नाही, वेग दाखवतं. पहिल्या गोळीला सेकंदाला ६०० सीसी, दुसरीला ९००, तिसरीला १२०० लागतात. आता हिशेब करा. बाबांनी एकच गोळी उचलून ३ सेकंद धरली तर १८०० सीसी हवा आत गेली. शेजारच्या खाटेवरच्याने झटका देऊन तिन्ही गोळ्या अर्ध्या सेकंदासाठी टकाटक उडवल्या, तर गेली ६००. माझ्या एका रुग्णाला तिन्ही वर नेल्याचा मोठा अभिमान होता, आणि त्याच्याच फुफ्फुसाचा खालचा भाग एक्सरेत मिटलेला होता. त्यामुळे एक गोळी वर जाते याचं वाईट वाटून घेऊ नका, ती किती वेळ वर राहते ते मोजा.

ताठ बसवा, पलंगावर रेलून नाही. श्वास नेहमीसारखा सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, सावकाश ओढायचं, भरल्यावर तोंडातून नळी काढून तीन सेकंद थांबायचं, मग सोडायचं. जागेपणी दर तासाला दहा श्वास, पण सलग दहा नाही. तीन-चार झाले की थोडं थांबायचं, नाहीतर चक्कर येते. आणि त्यांना त्या यंत्राचा कंटाळाच असेल तर बाजूला ठेवा. बायपासनंतर हे यंत्र दीर्घश्वसनाच्या इतर पद्धतींपेक्षा सरस आहे असं कॉक्रेन या संस्थेने अनेक चाचण्या एकत्र तपासून केलेल्या आढाव्यात दिसलेलं नाही. एक हात पोटावर ठेवून, पोट पुढे येईल असा सावकाश श्वास घेतला तरी तेच साधतं. यंत्राचा खरा फायदा एवढाच की समोर गोळी हलताना दिसते आणि तासाची आठवण राहते.

फुगे फुगवायला देऊ नका. बरेच लोक हौसेने आणतात. फुग्यात जोर बाहेर फेकायला लागतो, आपल्याला हवा आत घ्यायची आहे. श्वास कोंडून जोर लावण्याचे सगळे प्रकार सध्या नकोत. शौचाला कुंथणंही त्यातच येतं, म्हणून पोट साफ राहील याची काळजी घ्या.

खोकल्याची भीती मला कळते. पण न खोकल्याने कफ खाली बसतो, त्याला जंतू लागतात, आणि मग जो खोकला येतो तो आवरत नाही. हाड स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं, आधार देऊन खोकल्याने ते सहसा सुटत नाही. घट्टशी उशी किंवा घडी घातलेला टॉवेल दोन्ही हातांनी छातीशी कवटाळायचा, किंचित पुढे वाकायचं. थेट खोकण्याआधी हफ करायला शिकवा: मध्यम श्वास घ्यायचा आणि तोंड उघडं ठेवून चष्म्याच्या काचेवर वाफ धरतो तसं ‘हाऽ’ करत बाहेर टाकायचं. असे दोन-तीन हफ केले की कफ वर येतो, मग एक खोकला पुरतो. पहिल्यांदा तुम्ही स्वतः करून दाखवा, ते हसतील, हसतानाही उशी धरायला सांगा. छातीचा पट्टा दिला असेल तर खोकताना, उठताना घट्ट असू द्या. बसलेले असताना त्याखाली तळहात सहज जायला हवा. दिवसभर आवळून ठेवलेला पट्टा श्वासालाच आवळतो.

कूस बदलताना, खोकताना हाडात ‘कट’ असा आवाज किंवा दोन टोकं हलल्यासारखं वाटलं, जखमेतून पाणी आलं, तर तो माझा विषय नाही, सर्जनचा. थांबू नका.

उठताना हाताने खाट ओढून उठायचं नाही. गुडघे वाकवून, खांदा-कंबर एकत्र फिरवत कुशीवर यायचं, पाय खाली सोडायचे आणि कोपर अंगालगत ठेवून त्याच्या आधाराने बसायचं. हात कधीच हलवायचे नाहीत असा पूर्वी दंडक होता. आता आम्ही एवढं घाबरवत नाही. कोपर शरीराला चिकटलेलं असेल तोवर बरंच काही करता येतं. जड उचलणं मात्र सहा ते आठ आठवडे नाही, नेमकं किती वजन ते सर्जन सांगतील.

आणि चालणं. श्वासाचा सगळ्यांत चांगला व्यायाम हाच, बाकी सगळं त्याच्या तयारीसाठी. घरातल्या घरात पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा, रोज एक-दोन मिनिटं वाढवत. चालताना पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. दोन शब्दांनंतर थांबावं लागलं तर वेग जास्त आहे. दम लागला तर उभ्याने टेबलावर किंवा कठड्यावर हात टेकून किंचित पुढे वाकायचं, नाकाने श्वास घ्यायचा आणि शीळ घालतो तसे ओठ करून दुप्पट वेळ सोडायचा. एक-दोन मिनिटांत श्वास पूर्ववत व्हायला हवा. चालताना ८८ किंवा खाली गेलं, छातीत दाब आला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्या दिवशी चालणं तिथेच थांबवून डॉक्टरांना कळवायचं.

दम लागण्यामागे कधी औषधंही असतात. टिकाग्रेलॉर ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या काहींना अधूनमधून, बसल्या बसल्या श्वास अपुरा वाटतो, आणि ऑक्सिजन व्यवस्थित असतो. बीटा ब्लॉकरने, म्हणजे नाडीचा वेग कमी करणाऱ्या गोळीने, जुना दमा उचल खाऊ शकतो. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी कोरडी ढास लागते. गोळी मनाने बंद करायची नाही, विशेषतः रक्त पातळ करणारी. पण डॉक्टरांपुढे यादी ठेवून विचारायचं. शस्त्रक्रियेनंतर हिमोग्लोबिन उतरलेलं असतं, त्यानेही चालताना धाप लागते आणि ऑक्सिमीटरवर ते अजिबात दिसत नाही. नेब्युलायझर कुणाचं तरी घरात आहे म्हणून लावू नका, त्यातल्या औषधाने नाडी पळते.

ज्यांना आधीपासून घोरण्याच्या आजारासाठी, म्हणजे स्लीप ॲप्नियासाठी, सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, होतं त्यांनी ते पुन्हा कधी लावायचं हे डिस्चार्जलाच विचारावं. पुष्कळजण शस्त्रक्रियेच्या गडबडीत ते विसरून जातात आणि मग रात्री पातळी का पडते याचं कोडं घालत बसतात. श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारं बायपॅप मात्र दम लागतो म्हणून भाड्याने आणायची वस्तू नाही. त्यातले दाब मोजून ठरवावे लागतात.

समजा पुढे डॉक्टरांनी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे घरचं ऑक्सिजन मशीन, लिहूनच दिला. ते यंत्र ऑक्सिजन बनवत नाही, खोलीतल्या हवेतला नायट्रोजन गाळून ९० टक्क्यांच्या वरचा ऑक्सिजन पुढे देतं. म्हणून ते भिंतीला चिकटवून किंवा पडद्यामागे ठेवायचं नाही, त्याला हवा ओढायला जागा लागते. जाळी धुळीने भरली की शुद्धता उतरते, आठवड्याला धुवून पूर्ण वाळवून लावा. ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी, रोज बदललेलं. नळी कुठे दुमडलेली नाही ना बघा; शंका आली तर नळीचं टोक पाण्याच्या पेल्यात धरा, बुडबुडे यायला हवेत. वीज जाते तेव्हा काय, याची सोय पहिल्याच दिवशी करा, भरलेला छोटा सिलिंडर हवा. त्या खोलीत विडी-सिगरेट, दिवा, मेणबत्ती, शेगडी काहीही नको. नाक कोरडं पडतं म्हणून व्हॅसलिन लावतात तेही नको, पाण्यावर आधारित जेल मागून घ्या. लिटरचा खटका रुग्णाने किंवा पाहुण्यांनी फिरवायचा नाही.

थेट रुग्णवाहिका बोलवायची ती अशा वेळी: अचानक, काही न करता दम लागला, छातीत दाब, घाम, ओठ निळसर, बोलणं असंबद्ध, बेशुद्धी, थुंकीतून रक्त, एकाच पोटरीत नव्याने दुखणं-सूज आणि त्यासोबत धाप. ३८ अंश सेल्सिअसच्या (१००.४ फॅरनहाइटच्या) वर ताप किंवा कफ हिरवा-पिवळा, दाट झाला तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात श्वास घेताना टोचणारं दुखणं, बारीक ताप, दम असं एकत्र आलं तर हृदयाभोवती किंवा फुफ्फुसाभोवती सूज-पाणी आहे का ते इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, बघावं लागतं. सर्दी समजून घरी बसू नका.

आज रात्री एवढं करा. पलंगावर तीन उशा लावून पाठ निम्मी उचललेली ठेवा, दुखण्याची गोळी आधी देऊन ठेवा, बाबांना वर सांगितलं तसं कुशीवरून निजवा आणि पंधरा मिनिटं शेजारी बसा. मोबाइल नको, त्यांचा श्वास मोजा, मिनिटाला किती होतात. १६-२० असतील आणि ते गप्पा मारत पडले असतील, तर खुर्चीचं कारण बहुधा दुखणं होतं. २५ च्या पुढे गेले किंवा ते आपोआप उठून बसले, तर उद्याच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता आत्ताच फोन करा, आणि फोनवर ‘दम लागतो’ एवढंच म्हणू नका. ‘आडवं झाल्यावर दम लागतो, बसल्यावर कमी होतो’ असं पूर्ण वाक्य सांगा.